रोबोटकडे बघून हसतो, माझ्याकडे नाही

पत्र:

ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. आम्ही साताऱ्यात राहतो. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आणि एकदा ओटी, म्हणजे रोजची कामं-हालचाली शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, चालू आहे. थोडे शब्द आलेत, पण ते पाणी, खाऊ, नको एवढ्यापुरतेच. हाक मारली तर बहुतेक वेळा बघत नाही. आमच्या थेरपी सेंटरनं नुकताच एक रोबोट आणलाय. दोन फुटांचा असेल, पांढरा. हात वर करतो, नाचतो, 'हॅलो फ्रेंड' म्हणतो. डेमोला नेलं तर माझा मुलगा पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसून राहिला. त्यानं हात वर केले की ह्यानंही केले, आणि खुदकन हसला. मला तिथेच रडू आलं. जो माझ्याकडे बघून हसत नाही तो त्या यंत्राकडे बघून हसला.

सेंटर म्हणतं वीस सेशनचं पॅकेज घ्या, तीस हजार. ते घेतलं तर स्पीचचं एक सेशन बंद करावं लागेल. दीर अमेरिकेत असतात. ते म्हणतात, सेंटरला कशाला पैसे देता, दिवाळीला येताना मी मुलांचा एआय रोबोटच घेऊन येतो. सासूबाई म्हणतात, आता यंत्र शिकवणार का पोराला माणसांत वागायला? ह्याचा बापही तीन वर्षांचा होईतो बोलत नव्हता. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. मी काय ठरवू? आणि अजून एक, हसू नका: त्याला माझ्यापेक्षा यंत्र जास्त आवडतं का?

— एक आई, सातारा

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे त्याच्या पोटातलेच आहेत. हसायचं काय त्यात? अशा मुलांच्या बहुतेक आयांच्या मनात हे येतं, फक्त विचारायचं धाडस थोड्याच करतात.

त्याच्या जागी बसून जरा स्वतःच्या चेहऱ्याकडे बघा. तुम्ही 'हात वर कर, राजा' म्हणता तेव्हा एका वेळी किती गोष्टी हलतात! भुवया वर जातात, आवाज चढतो, कानातलं डुलतं, डोळ्यांत 'आज तरी करेल का' ही काळजी असते. पहिल्यांदा नाही केलं की दुसऱ्यांदा तुम्ही तेच जरा वेगळ्या शब्दांत, वेगळ्या सुरात म्हणता. आपल्याला ती माया वाटते. त्याला दर वेळी नवीन कोडं वाटत असावं. रोबोट मात्र हात वर करतो तेव्हा फक्त हातच वर करतो. दहाव्यांदाही त्याच वेगानं, त्याच आवाजात. चेहरा जागचा हलत नाही. आणि ह्यानं नाही केलं तर त्याला वाईट वाटत नाही. तुमच्या लेकाला तो सोपा वाटला. तुम्ही अवघड आहात, नावडत्या नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून रडत बसू नका.

हा सोपेपणा मुद्दाम घडवलेला असतो. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठात कर्स्टिन डाउटेनहान आणि बेन रॉबिन्स यांच्या गटानं २००५ पासून 'कास्पर' नावाचा रोबोट विकसित केला. उंची लहान मुलाएवढी, चेहरा जवळजवळ मुखवट्यासारखा. मोजकेच हावभाव. आणखी हुबेहूब माणूस करता आला असता, पण त्यांना तो तसा नकोच होता. त्याच्या अंगात स्पर्श ओळखणारे सेन्सर आहेत. हळू हात लावला, गुदगुल्या केल्या तर तो खूश होतो. जोरात दाबलं तर दुखल्याचं सांगतो. मूल पुन्हा पुन्हा करून बघतं: एवढं दाबलं तर? आणि एवढं? आपण दुसऱ्या चिमट्यालाच ओरडलो असतो. कास्पर ओरडत नाही, आणि तेवढ्यात मुलाला 'किती जोर म्हणजे फार' ह्याचा हिशोब करायला सवड मिळते.

तेव्हा सासूबाईंची शंका रास्त असली तरी उत्तर 'नाही' एवढं सरळ नाही. यंत्राचा उपयोग होऊ शकतो. कुठे होतो आणि कुठे संपतो, ते मात्र नीट बघायला हवं.

आता डेमोकडे येऊ. तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचून मला एक विचारावंसं वाटतं. तो हसला, त्यानंतर काय केलं? रोबोटकडे बघून हसला आणि मग मान वळवून तुमच्याकडे, निदान थेरपिस्टकडे बघितलं? 'बघितलंस का, कसला नाचतोय!' असं डोळ्यांनी सांगायला? की हसून परत रोबोटकडेच बघत राहिला? सगळं पत्र त्या हसण्याबद्दल आहे आणि नेमकी ही मानेची हालचाल त्यात नाही. तुमचा दोष नाही, तुमचे डोळे तेव्हा भरलेले होते.

पण पैसे द्यायचे की नाही हे त्या मानेवरच ठरणार आहे. थेरपीवाले ज्याला जॉइंट अटेन्शन म्हणतात ते हेच: एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्या माणसालाही दाखवावीशी वाटणं, दोघांनी मिळून एकीकडे बघणं. बोलणं, खेळणं, गप्पा हे पुढे त्याच्यावरच उभं राहतं. रोबोटची नक्कल करणं म्हणजे सामाजिक कौशल्य नव्हे. नक्कल करता करता मध्येच माणूस आठवणं, हे कौशल्य. रोबोट हा त्या दोघांमधला विषय झाला तर कामाचा. तोच सगळं झाला, माणूस बाजूला पडला, तर ते एक महागडं खेळणं.

थेरपी सेंटरं सहसा सांगत नाहीत अशी एक गंमत. अशा बऱ्याच सेशनमध्ये रोबोट स्वतः काहीच ठरवत नसतो. बाजूला टॅबलेट किंवा लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस बटण दाबतो, मग तो हात हलवतो. ह्यात फसवणूक नाही, संशोधनातही सर्रास असंच करतात. पण मग मुलाला समजून घेणारी बुद्धी त्या बटणवाल्याची असते. तो अनुभवी थेरपिस्ट आहे की गेल्या महिन्यात लागलेली, मॅन्युअल वाचून बटणं दाबणारी मुलगी, ह्यानं सेशनची किंमत बदलते. विचारा.

ह्या सगळ्याची सुरुवात कुठून झाली ते मला फार आवडतं. १९७६ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सिल्व्हिया वीर आणि रिकी इमॅन्युएल यांनी सात वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलासमोर जमिनीवर चालणारं एक यंत्र ठेवलं. लोगो ह्या संगणकभाषेतलं 'कासव'. पुढे, मागे, वळ, असं बटणांनी सांगायचं आणि ते चालायचं. मुलगा त्यात रमला आणि त्या रमण्यातून आसपासच्या मोठ्यांशी आपणहून बोलायला, दाखवायला लागला, असं त्यांनी नोंदवलं. एकाच मुलाची गोष्ट आहे, तिच्यावर इमले बांधू नयेत. पण एक लक्षात घ्या: तिथे हुकूम मुलगा सोडत होता, यंत्र ऐकत होतं. आजच्या सेंटरमध्ये बहुधा उलट चालतं. रोबोट म्हणतो 'हात वर कर', मूल करतं, रोबोट म्हणतो 'व्हेरी गुड'. दिवसभर कोणी ना कोणी हुकूम सोडतच असतं ह्या मुलांवर, त्यात आणखी एकाची भर. तुमच्या सेंटरला विचारा की माझ्या मुलाला रोबोटला काही सांगता येईल का? 'नाच' म्हटल्यावर तो नाचेल का? एक शब्द बोलल्यानं जगात काहीतरी घडतं, हा अनुभव त्याला पाणी आणि खाऊच्या पलीकडे नेईल.

बरं, पुरावा किती? ह्यात मी तुम्हाला चढवून सांगणार नाही आणि उतरवूनही नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रायन स्कॅसेलाटी यांच्या गटाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा ऑटिस्टिक मुलांच्या घरी एक रोबोट महिनाभर ठेवला. रोज अर्धा तास खेळ: गोष्ट सांगणं, क्रम लावणं, दुसऱ्याच्या जागेवरून कसं दिसेल ते ओळखणं. रोबोट मुलाकडे बघायचा, मग पडद्याकडे, मग शेजारी बसलेल्या आईकडे किंवा बाबांकडे. महिन्याअखेर मुलं रोबोट समोर नसतानाही मोठ्यांबरोबर मिळून लक्ष देण्यात सुधारली होती. ही मोठी गोष्ट आहे, कारण अशा प्रयोगांची नेहमीची रड हीच असते की मूल यंत्रासमोर करतं आणि उठून घरी आलं की विसरतं.

पण बारीक अक्षरांतलंही वाचा. मुलं फक्त बारा होती. त्यांची वयं सहा ते बारा, तुमचा साडेचारचा. रोबोट घरात होता आणि रोज होता. आणि शेजारी घरातलं मोठं माणूस बसलेलं होतं, खेळात सामील होतं. तुमचं सेंटर आठवड्यातून एकदा, बंद दाराआड सेशन देणार असेल तर येलचं नाव माहितीपत्रकावर छापून ते येलचं होत नाही.

दुसरा मोठा प्रयत्न युरोपात झाला. युरोपीय संघाच्या निधीतून २०१४ ते २०१९ 'ड्रीम' नावाचा प्रकल्प चालला, त्यात रोमानियातल्या लहान मुलांबरोबर 'नाओ' रोबोट वापरला. तुम्ही वर्णन केलंय तसाच पांढरा, उंची ५८ सेंटिमीटर. काही मुलांना रोबोटसह थेरपी, काहींना नेहमीसारखी फक्त माणसाकडून. दोन्हीकडची मुलं सुधारली. रोबोटवाली पुढे निघून गेली, असं काही झालं नाही. ह्याचा अर्थ मी असा लावते: चांगला थेरपिस्ट असेल तर रोबोटनं बिघडत नाही, मुलं रमतात. पण माणसाची थेरपी कमी करून रोबोट घ्यावा, ह्याला आधार नाही.

म्हणून स्पीचचं सेशन बंद करू नका. हे माझं ठाम मत, आणि तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्यही तेच आहे.

'हॅलो फ्रेंड'बद्दलही एक. तुमच्या घरात कोण कोणाला हॅलो फ्रेंड म्हणतं? उद्या तो हे शिकला आणि रोबोटच्या सुरात सासूबाईंना 'हॅलो फ्रेंड' म्हणाला, तर सेंटरच्या रिपोर्टमध्ये ती प्रगती असेल आणि घरात सगळे एकमेकांकडे बघतील. त्याला 'आजी, ये' हवंय. 'मला दे' हवंय. खाली खेळणाऱ्या पोरांमध्ये 'मी पण' हवंय. हे मराठीतच लागणार आहे. रोबोटमध्ये मराठी आवाज घालता येतो का, थेरपिस्टचं रेकॉर्डिंग वापरता येतं का, हे विचारा. काही ठिकाणी पालकांना अजूनही सांगतात की घरी एकच भाषा ठेवा आणि ती शाळेची, म्हणजे इंग्रजी ठेवा. दोन भाषांच्या घरात वाढल्यानं ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्ही ज्या भाषेत लाड करता, चिडता, गाणी म्हणता, त्याच भाषेत बोला.

आणि सेंटरच्या कागदावर 'गोल', म्हणजे थेरपीचं ध्येय, म्हणून काय लिहिलंय ते बघा. 'आय कॉन्टॅक्ट: पाच सेकंद' असं काही असेल तर मला ते पटत नाही. मोठ्या झालेल्या कित्येक ऑटिस्टिक व्यक्ती सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लावलं की बोललेलं ऐकू येईनासं होतं. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हा गोंधळ दुतर्फा असतो, त्यांना आपण कळत नाही तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. मग सगळी कसरत साडेचार वर्षांच्या पोरानंच का करायची? कागदावर 'आवडलेली वस्तू आणून दाखवतो', 'मदत हवी तर हात धरून नेतो किंवा शब्द वापरतो' असं काही लिहून घ्या. असं दिसलं की डोळ्यांकडे बघितलं की नाही हे मोजायची गरज उरत नाही.

आता तुम्हाला गोव्याला घेऊन जाते. तुमच्या तीस हजारांसाठी मला ह्याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. दोन ते नऊ वयाची ६५ ऑटिस्टिक मुलं. शिकवणारे लोक डॉक्टर नव्हते, तज्ज्ञ थेरपिस्टही नव्हते. साधे, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. आणि ते मुलाला शिकवत नव्हते, आईबापांना शिकवत होते. सहा महिन्यांत बारा बैठका. ब्रिटनमध्ये आधी तपासलेली पद्धत आपल्याकडच्या घरांना बेतून घेतलेली. शेवटी आईबाप मुलाच्या कलानं प्रतिसाद द्यायला लागले होते आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. प्रत्येक मोजमापात सुधारणा झाली असं नाही, तसा दावाही कोणी केला नाही. पण ब्रिटनमधल्या मूळ पद्धतीच्या मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. रोबोटच्या अभ्यासांत इतक्या लांबचं मला काही दिसलेलं नाही.

ह्या पद्धतीत करतात काय? आई आणि मूल खेळतात, त्याचा छोटा व्हिडिओ काढतात, आणि मग आई आणि कार्यकर्ती तो मिळून बघतात. बस्स. पण त्या बघण्यात सगळं आहे.

समजा तुमचाच व्हिडिओ आहे. फोन डब्याला टेकवून ठेवलाय. लेक गाड्या एका रांगेत लावतोय, तुम्ही शेजारी. 'ही कुठली? लाल. म्हण लाल. आणि ही? निळी कुठाय? बघ इकडे.' प्रश्नामागून प्रश्न, सगळे प्रेमानंच. तो रांग लावतोय. मध्येच एक गाडी उचलतो. तिचं चाक निसटलंय. तो गाडी जरा वर धरतो आणि डोळे उचलतो, अर्धं सेकंद. तुम्ही तेव्हा वाकून पलंगाखाली निळी गाडी शोधताय. तो पुन्हा रांगेकडे वळतो. व्हिडिओ इथे थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा बघायचा.

पहिल्यांदा हे दिसतं तेव्हा आईला धक्का बसतो, कारण 'तो माझ्याकडे बघतच नाही' हे वाक्य तिनं शंभरदा म्हटलेलं असतं. पुढच्या वेळी करायचं एवढंच: प्रश्न बंद. हात मांडीवर. त्याच्या समोर, त्याच्याच उंचीला बसायचं. तो डोळे उचलेल तेव्हा आपले तिथे असायला हवेत. आणि तो ज्यात आहे तेच, एका वाक्यात म्हणायचं: 'चाक निघालं.' मग थांबायचं. तुम्हाला वाटेल त्याच्या दुप्पट वेळ थांबायचं. ही शांतता आयांना फार जड जाते. काहीतरी शिकवल्याशिवाय वेळ फुकट गेला असं वाटतं. नाही जात.

साबणाचे फुगे असतील तर तेही घ्या. दोनदा फुंका, तिसऱ्यांदा कांडी ओठांजवळ नेऊन थांबा. तो वाट बघेल, मग बघेल की अडलं कुठे. कांडी तुमच्या तोंडाशी आहे, त्यामुळे बघायचं तर तुमच्याकडेच बघावं लागतं. बघितलं, हात लावला, 'ऊं' केलं, काहीही केलं की लगेच फुंका. रोबोटनं पंधरा मिनिटांत जे दिलं त्यातलं पुष्कळसं ह्यात आहे: एकच गोष्ट, तशीच पुन्हा पुन्हा, मागे काळजीचा चेहरा नाही. फरक एवढाच की फुंकणाऱ्या तुम्ही आहात.

तुमच्या स्पीच थेरपिस्टना सरळ म्हणा, महिन्यातून एक सेशन मुलाबरोबर नको, माझ्याबरोबर करा. मी घरी काढलेला व्हिडिओ आणते, तो बघून मला सांगा. चांगला थेरपिस्ट खूश होईल. जो म्हणेल 'ते आमचं काम, तुम्ही बाहेर बसा', त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा.

दीरांचं मन मोठं आहे, पण त्यांना दोन गोष्टी सांगा. येलच्या अभ्यासात जो रोबोट वापरला त्याचं नाव 'जीबो'. तो बनवणारी कंपनी बुडाली. २०१९ मध्ये सर्व्हर बंद होणार होते, तेव्हा त्या रोबोटनं घराघरांत स्वतःच निरोपाचे शब्द म्हटले आणि नाचून दाखवलं. दुसरा 'मॉक्सी', खास पाच ते दहा वर्षांच्या मुलांशी गप्पा मारणारा एआय रोबोट, किंमत ७९९ डॉलर होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं कळवलं की पैसे संपले, आता रोबोट चालायचा बंद होईल. मुलांना हे कसं समजवायचं, ह्यासाठी पालकांना एक पत्रही दिलं. रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ तेव्हा बरेच फिरले. नाओ बनवणारी फ्रेंच कंपनीसुद्धा २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. रोजचा क्रम जरा बदलला तरी ज्याचा दिवस विसकटतो, त्या मुलाच्या हाती कंपनीच्या सर्व्हरवर जगणारा मित्र द्यायचा का? शिवाय त्याला कॅमेरा असतो, माइक असतो, आणि घरातलं बोलणं कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातं हे दीरांनाही माहीत नसणार. ते इंग्रजीत बोलणार ते वेगळंच. त्यांना काही आणायचंच असेल तर बटण दाबलं की चालणारं, इंटरनेट न लागणारं साधं खेळणं आणायला सांगा. आणि आल्यावर रोज थोडा वेळ त्यांनी स्वतः जमिनीवर बसावं.

सासूबाईंना मी खोडून काढणार नाही. यंत्राबद्दल त्या जे बोलल्या त्यात तथ्य आहे. पण 'ह्याचा बापही उशिरा बोलला' हे निदान झाल्यावर बाजूला ठेवायचं. वाट बघण्यात ही वर्षं घालवू नका. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांना व्हिडिओतलं ते अर्धं सेकंद दाखवा, आणि फुग्यांची कांडी त्यांच्या हातात द्या. आज्यांना वाट बघण्याची सवय असते, त्यांना हे आपल्यापेक्षा लवकर जमतं.

पैशांच्या बाजूनं दोन कामं राहिली असतील तर करून घ्या. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तिथल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचीही करा, म्हणजे लोक ज्याला डीईआयसी म्हणतात ते. सगळीकडे सारखं चालत नाही, पण विचारायला काही जात नाही. प्रमाणपत्र हातात आलं की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास ह्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याचा अर्ज भरा. कमाल मर्यादा १ लाख रुपये आहे आणि थेरपीच्या खर्चाचा काही भाग त्यात मिळतो. बिलं जपून ठेवा, सेंटरकडून पक्की पावती मागा.

आणि पॅकेज. वीस नको. तुमच्या मुलाला तो रोबोट आवडला हे खरं आहे आणि ते वाया घालवायचं कारण नाही, म्हणून पाच सेशन मागा, वेगळे पैसे देऊन, बाकी काही बंद न करता. अट एकच: तुम्ही आत बसणार, त्याच्या आणि रोबोटच्या मध्ये नव्हे, तर तिघांचा त्रिकोण होईल अशा. रोबोट नाचला की तुम्हीही हसायचं, आणि त्याची मान वळते का ते बघायचं. पहिल्या दिवशी वळणार नाही. पाचव्यापर्यंत दोन-तीनदा वळली, किंवा घरी आल्यावर त्यानं तुमचा हात धरून वर उचलला, तर आणखी पाच घ्या. नाहीच वळली तर त्याला रोबोट बघायला मजा आली, तेवढंच. पुढचे पैसे महिन्याच्या त्या आईच्या सेशनला लावा. सेंटर म्हणालं की पाच देता येत नाहीत, वीसच घ्यावी लागतील, किंवा पालकांना आत परवानगी नाही, तर नमस्कार करून बाहेर या.